मधुमेह शिकवण्याची गोष्ट

बेनेडिक्टचं निळं द्रावण पाच मिलिलिटर घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. साखर नसेल तर निळं ते निळंच. असेल तर हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि फार असेल तर थेट विटकरी. एमबीबीएसला आम्ही हे प्रयोगशाळेत केलं. ग्लुकोमीटर घरोघरी येण्याआधी मधुमेही माणसं हेच घरच्या स्टोव्हवर करत, म्हणजे कुणीतरी त्यांना ते बसून शिकवलेलं असे.

ही शिकवणी जुनी आहे. टोरांटोत 1922च्या जानेवारीत माणसाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याच्या चार वर्षं आधीच बोस्टनच्या इलियट जोस्लिन यांनी डॉक्टर आणि रुग्ण या दोघांसाठी मधुमेहाचं पुस्तक काढलं होतं. आपल्याकडे डॉ. एस. एस. आजगावकर यांनी 1955 साली मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया उभी केली. पण वैद्यकीय विद्यार्थ्याला रुग्णाशी बोलायला शिकवणं मागेच राहिलं. आम्हाला औषधांचे डोस तोंडपाठ होते. समजावून कसं सांगायचं, हे कुणी दाखवलं नाही. संवाद हा एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रीतसर आला तो 2019 मध्ये, ‘एटकॉम’ या नावाने. फार उशीर झाला, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मी माझे विद्यार्थी मुंबईतल्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात नेते. तिथे त्यांच्यातल्या एका मुलाने मधुमेह असलेल्या, मासळी विकणाऱ्या एका मावशींना सांगितलं, “इन्सुलिन थंड ठेवा.”

“ठेवते ना बाळा, म्हावऱ्याच्या बर्फातच ठेवते.”

इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावरही वापरायचं नसतं. मुलाला हे पाठ होतं, पण मासळीच्या धंद्यात थंड म्हणजे बर्फच, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याने पुन्हा बसून सांगितलं: बाटली बर्फाला टेकवायची नाही, फ्रिजमध्ये ठेवायची, पण फ्रीझरमध्ये नाही. चाळीस युनिटच्या बाटलीला लाल टोपणाचीच सिरिंज, हेही दाखवलं.

मग पाय. बाजारात दिवसभर ओल्या फरशीवर अनवाणी वावर. मधुमेहाने तळवे बधिर झाले की माशाचा काटा रुतलेलाही कळत नाही. “रोज रात्री तळवे बघा” म्हटल्यावर मावशी म्हणाल्या, “वाकता कुठं येतंय मला?” मुलगा क्षणभर थांबला. त्याने घरातला आरसा मागून घेतला, जमिनीवर ठेवला, आपला पाय त्यावर धरून दाखवला आणि म्हणाला, “आता तुम्ही मला शिकवा, मावशी.”