रुग्णसंवाद (दंतवैद्यकशिक्षणातील)

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला रुग्णाशी बोलण्याचे, त्याचे ऐकून घेण्याचे आणि त्याची भीती ओळखण्याचे जे शिक्षण मिळते ते. एमबीबीएसला २०१९ पासून संवाद व नीती यांचा स्वतंत्र ‘एटकॉम’ पाठ्यक्रम आहे. बीडीएसमध्ये वर्तनशास्त्र व नीतिशास्त्र शिकवतात, पण खरी शाळा ओपीडीच.

विद्यार्थी आधी हात बसवतो तो फँटम हेडवर. ते रबरी गालांचे डोके कण्हत नाही. तिसऱ्या वर्षी मात्र खुर्चीत माणूस बसतो. मुंबईतील दोन्ही सार्वजनिक दंत महाविद्यालये दक्षिण मुंबईत आहेत, उपनगरांत नव्हेत: मुंबई सेंट्रलचे नायर (स्थापना १९३३) आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय. त्यामुळे अंधेरी-बोरिवलीचा, मुलुंड-घाटकोपरचा रुग्ण लोकलची गर्दी सोसून आलेला असतो. विद्यार्थीही बहुधा तशाच गाडीने.

येथे संवाद म्हणजे गोड बोलणे, ही समजूत चुकीची. तो निदानाचाच भाग आहे. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की घाटावरून किंवा कोकणातून आलेली मावशी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. ‘मशेरी लावता का?’ म्हटल्यावर ‘हो, सकाळ-संध्याकाळ’. भाजलेल्या तंबाखूची ती पूड तिच्या लेखी तंबाखू नव्हेच. तसेच ‘ठणकते’, ‘सणक येते’ आणि ‘गार पाण्याने शिवशिवते’ यांत फरक आहे: पहिल्या दोहोंत नसेपर्यंत गेलेल्या किडीचा संशय, तिसऱ्यात पुष्कळदा नुसती झीज. घाटकोपरच्या रुग्णाकडून हीच तक्रार अनेकदा गुजरातीत ऐकावी लागते.

वरची दाढ काढली की डोळे जातात, ही भीती अजून ऐकू येते. हसण्यावारी नेल्यास रुग्ण परत येत नाही. दाताच्या आणि दृष्टीच्या नसा वेगळ्या, हे आरसा हातात देऊन सांगावे लागते. मुलांसाठी अ‍ॅडलस्टन यांनी १९५९ मध्ये मांडलेली ‘सांगा, दाखवा, करा’ ही रीत शिकवतात. सुई टोचण्याआधी ‘मुंगी चावेल’ म्हणणे हे तिचेच मराठी रूप. मात्र ‘काहीच दुखणार नाही’ ही थाप तिच्यात बसत नाही.

समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने उपचाराला रुग्णाची संमती समजून-उमजून दिलेली असावी असे म्हटले. परीक्षेसाठी ‘कोटा’ (ठरवून दिलेल्या कामांची संख्या) भरणाऱ्या विद्यार्थ्याला काकांपेक्षा काकांची दाढ आधी दिसते, तेव्हा नेमकी हीच पायरी गळते. तोंडात कापूस कोंबल्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येत नाही. म्हणून ‘दुखलं तर डावा हात वर करा’ हे सुई टोचण्याआधी सांगायचे, आणि हात वर गेला की थांबायचे.