हुक्क्याचं बूड आणि चार एकर

आमच्या बीडच्या घरात चांदी म्हणाल तर दोन निरांजनं, एक अत्तरदाणी आणि हुक्क्याचं एक बूड. त्यातलं बूडही खरं म्हणजे चांदीचं नव्हे. जस्त-तांब्याच्या काळ्याभोर धातूवर चांदीची फुलं ठोकून बसवलेलं बिदरी काम. हुक्का ओढणारं घरात कोणीच नव्हतं. आजोबांना तर शेजारच्या विडीच्या धुरानेही ठसका लागे. तरीही भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा बिंदुसरेकाठचं चार एकर थोरल्याला सोडून आजोबांनी हे बूड घेतलं. का, तर ते मलिक अंबरने आमच्या मूळपुरुषाला दिलं होतं! कशाबद्दल दिलं, हे मात्र विचारायचं नाही.

एका दिवाळीला आईने ते चिंच लावून खसाखसा घासलं. "मेलं किती काळं पडलंय!" म्हणून. एका बाजूचा काळा रंग गेला आणि राखाडी धातूत फुलं दिसेनाशी झाली. आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी वडील एस.टी.ने बिदरला गेले. तिथल्या कारागिराने किल्ल्यातली माती नवसागर घालून पाण्यात उकळली, बूड तापवून त्यात धरलं आणि ते पुन्हा काळं झालं. चांदीला त्या मातीचं सोयरसुतक नसतं. ती पांढरीच राहते. वर तेलाचा हात फिरवला की झालं. "घरात सांगा, याला फक्त कोरडं फडकं," असा निरोप आईला आला.

विलायती चांदीचं एक बरं असतं. तिकडेही नक्षीची फॅशन बदलत गेलीच. अॅन राणीच्या काळात किटली साधी, गुळगुळीत. पुढे पन्नासेक वर्षांत तिच्यावर शिंपले आणि वेली चढल्या. पाँपेई उकरून काढल्यावर रोमन कलश नि फुलांच्या माळा आल्या. आणि व्हिक्टोरियाच्या राज्यात लग्नातल्या वरमाईसारखं सगळंच एकदम अंगावर! पण किटली उलटी केली की खाली सिंहाचा शिक्का, गावाचा शिक्का आणि सालाचं अक्षर. वाद मिटला. बिदरीवर सहसा असं काही नसतं. तिची कुंडली घाटावरून आणि नक्षीवरूनच मांडायची.

ती मांडायची अवदसा मला हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आठवली. १६०४ च्या सुमारास असदबेगाने विजापूरहून तंबाखू अकबराच्या दरबारी नेली, त्यानंतर हुक्क्याचे दिवस आले. सतराव्या शतकातलं बूड चेंडूसारखं गोल. पाण्याच्या घागरीसारखं त्याला खाली चुंबळ लागे. अंगावर अफूची रोपटी, एकेक सुटं, भोवती ऐसपैस काळी जागा. अठराव्या शतकात बूड घंटेच्या आकाराचं झालं, तळ सपाट झाला, चुंबळीची गरज संपली. पुढे पुढे नक्षी बारीक होत गेली, सुई टेकवायला जागा राहिना. १८५१ साली बिदरी लंडनच्या प्रदर्शनात जाऊन आली. साहेबाला हुक्का नको झाल्यावर त्याच कारागिरांनी तबकं, फुलदाण्या, सिगारेटच्या डब्या घडवल्या. आमच्या शेजारच्या औरंगाबादेत तर बिदरीवर अजिंठ्याची चित्रंही उतरली. गिऱ्हाईक बदललं तशी फुलं बदलली.

मलिक अंबर वारला १६२६ मध्ये. आमचं बूड घंटेसारखं, सपाट तळाचं, आणि नक्षीने असं गच्च भरलेलं की मुंगीलाही वाट काढता येऊ नये. म्हणजे दात्यानंतर निदान शंभर वर्षांनी दान जन्माला आलं होतं!

त्या चार एकरांत आता प्लॉट पडलेत. चुलतभावाचा तिथे दुमजली बंगला आहे. दर दिवाळीला तो आमच्याकडे फराळाला येतो, त्या बुडाकडे बघून हळहळतो आणि म्हणतो, "जमीन काय, कुठेही मिळते. खरा वाटा तुम्ही नेलात."

हैदराबादहून आल्यावर चार दिवस मी गप्प होतो. पाचव्या दिवशी वडिलांना सगळं सांगून टाकलं. ते बूड पुसत होते, कोरड्या फडक्याने.

"बिदरच्या त्या माणसाने तेव्हाच सांगितलं होतं मला," ते म्हणाले. "पण तुझे आजोबा दोन दिवसांचे उपाशी होते."