अर्धं मैदान पोराच्या हाती

खेळाचा निवाडा करणाऱ्याला मराठीत आपण पंच म्हणतो. गावचा तंटा मिटवायला पाच जण बसायचे, त्यावरून हा शब्द आला. उर्दूत मध्यस्थाला सालिस म्हणतात. मूळ अरबीत त्याचा अर्थ ‘तिसरा’. इंग्रजीतला अंपायर जुन्या फ्रेंचमधून आला, त्याचा अर्थ ‘जोडीबाहेरचा’. तिन्ही भाषांचा हिशेब एकच: संख्या विषम असली की निकाल लागतो.

हॉकीने मात्र हा हिशेब मोडला. इथे मैदानावर पंच दोनच. प्रत्येकाकडे अर्धं मैदान. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, पंच बदलत नाहीत. आपल्या बाजूच्या ‘डी’मधला गोल, पेनल्टी कॉर्नर ज्याचा त्यानेच द्यायचा. दुसऱ्याने मदत करायची, पण त्याचा निर्णय फिरवायचा नाही.

बुलढाण्यात आम्ही काही जण शाळकरी मुलामुलींना शिट्टी धरायला शिकवतो. या कामात मला हा जुना नियम फार उपयोगी वाटत आला आहे. एका बाजूला अनुभवी पंच, दुसऱ्या बाजूला सोळा वर्षांचं पोर. अर्धा सामना खरोखर त्याचा असतो, आणि तरीही ते एकटं नसतं.

पंच घडवणं किती मोलाचं, हे दोन सामन्यांवरून समजतं. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने पाकिस्तानला १-० असं हरवलं. पंचांनी अन्याय केला, असं म्हणत पाकिस्तानी खेळाडू भडकले. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचे अध्यक्ष रेने फ्रँक यांच्या अंगावर पाणी ओतण्यापर्यंत मजल गेली. अकरा खेळाडूंवर आजीवन बंदी आली; ती पुढे उठवण्यात आली.

तीन वर्षांनी, १५ मार्च १९७५ला, क्वालालंपूरमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारत विरुद्ध पाकिस्तान, बरोबरी १-१. अशोक कुमार यांचा फटका खांबाच्या आतल्या बाजूला लागून बाहेर आला. पाकिस्तानी खेळाडू गोल मानायला तयार नव्हते. पंच विजयनाथन यांनी गोल दिला आणि ते ठाम राहिले. भारत विश्वविजेता झाला. विजयनाथन मलेशियाचे होते, आणि त्याच मलेशियाला भारताने उपांत्य फेरीत जादा वेळेत ३-२ असं हरवलं होतं. त्या सामन्यात अस्लम शेर खान यांनी शेवटच्या मिनिटांत बरोबरी साधली नसती, तर भारत अंतिम फेरीत नसताच. म्हणजे ज्यांनी आपल्या देशाचं स्वप्न मोडलं, त्यांच्याच बाजूने या माणसाने शिट्टी वाजवली. कारण त्याला चेंडू आत गेलेला दिसला होता.

आंतरराष्ट्रीय सामन्यात तिसऱ्या देशाचा पंच आणता येतो. जिल्ह्यात तिसरा देश कुठून आणणार? इथे प्रत्येक जण कुणाचा तरी असतो. शेख किंवा खान आडनावाचा मुलगा शिट्टी घेऊन उभा असतो आणि उर्दू शाळेचा संघ खेळत असतो. त्याने त्यांच्या बाजूने निर्णय दिला की पलीकडून आवाज येतो, “तुमचाच माणूस!” विरुद्ध दिला की आपलेच लोक म्हणतात, “अपना होके भी?” असं दोन्हीकडून ऐकून घेतल्यावर पोर दुसऱ्या दिवशी येतच नाही. चूक झाली म्हणून पोरं शिट्टी सोडत नाहीत. त्या वेळी मागे कुणी उभं नसतं म्हणून सोडतात.

आपल्या विदर्भाला खेळ शिकवण्याची मोठी परंपरा आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं. १९३६ साली बर्लिनमध्ये ध्यानचंद यांच्या संघाने हॉकीचं सुवर्ण जिंकलं, त्याच ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने तिथे कबड्डीसारखे आपले देशी खेळ करून दाखवले. इथून शिकून गेलेल्या क्रीडाशिक्षकांनी गावोगावी मैदानं सांभाळली. पण शिट्टी बहुतेक ठिकाणी सरांच्याच गळ्यात राहिली. सर निवृत्त झाले की शिट्टीही गेली.

म्हणून आम्ही काही साध्या गोष्टी पाळतो. सामना चालू असताना नव्या पंचाला कुणी ओरडायचं नाही, पालकांनीही नाही. चुकलेला निर्णय मध्यंतरात सांगायचा, तोही बाजूला नेऊन. “तू कुठे उभा होतास?” हा पहिला प्रश्न, कारण निम्म्या चुका नजरेच्या नसतात, जागेच्या असतात. शिट्टी मोठी वाजवायची, हात स्पष्ट दाखवायचा आणि वाद घालत बसायचं नाही. शिवाय कधीतरी मुद्दाम त्याच्याच मोहल्ल्याच्या संघाचा सामना त्याच्याकडे द्यायचा, जोडीदार मात्र अनुभवी ठेवायचा.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताचे दोन हॉकी पंच होते: रघुप्रसाद आणि जावेद शेख. ही नावं मी मुलांना आवर्जून सांगतो. खेळाडू म्हणून निवड झाली नाही तरी मैदानाचं दार बंद होत नाही, हे त्यांना कळावं म्हणून.

त्याहून मोठी गोष्ट मात्र आपल्याच गावात घडते. आपल्या मोहल्ल्याचं पोर पलीकडच्या संघाला हक्काचा गोल देतं, आणि दोन्हीकडचे लोक तो मान्य करतात. ही सवय तालुक्याच्या मैदानावर लागली तर ती बाजारात आणि चावडीवरही चालत जाईल. यंदाच्या स्पर्धेत एखाद्या पोराला अर्धं मैदान देऊन बघा. उरलेल्या अर्ध्यात तुम्ही उभे राहा.