हैती निर्वासित, अमेरिकेतील

कॅरिबियन समुद्रातील हैती या राष्ट्रातून, फ्रांस्वा द्यूव्हाल्ये व त्याचा पुत्र झाँ-क्लोद यांच्या जुलमी राजवटीस (१९५७–८६) त्रासून, मोडक्या नावांनी फ्लॉरिडाचा किनारा गाठणाऱ्या लोकांना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी दिलेली वागणूक हे निर्वासितांच्या बाबतीत राष्ट्रीयत्वावरून होणाऱ्या भेदाचे ठळक उदाहरण होय. त्याच समुद्रातून येणाऱ्या क्यूबाच्या नागरिकास १९६६ च्या खास कायद्यान्वये ठराविक मुदतीच्या वास्तव्यानंतर कायम रहिवासाचा अर्ज करता येई; हैतीचा मनुष्य मात्र पोटासाठीच आला आहे, असे गृहीत धरून त्याची कैफियत निकालात काढली जाई. साम्यवादी राजवटीतून पळालेला तेवढा छळपीडित आणि मित्रसरकारच्या तावडीतून सुटलेला केवळ दरिद्री, ही विभागणी शीतयुद्धकालीन परराष्ट्रनीतीच्या सोयीने ठरलेली होती, आणि ती अन्याय्य होती.

मायामीत तुंबलेली हैती लोकांची प्रकरणे उरकण्यासाठी १९७८ मध्ये सरकारने एक मोहीम काढली. सुनावण्या इतक्या घाईने लावण्यात आल्या की, एकाच वकिलास एकाच वेळी निरनिराळ्या इमारतींत हजर राहण्याची पाळी येई. आणि चार हजारांहून अधिक अर्जदारांपैकी एकालाही आश्रय मिळाला नाही. मायामीच्या हैती निर्वासित केंद्राने, ज्याचे चालक कॅथलिक धर्मगुरू जेरार झाँ-ज्यूस्त होते, न्यायालयात दाद मागितली, तेव्हा न्यायाधीश जेम्स लॉरेन्स किंग यांनी जुलै १९८० मध्ये ही मोहीम बेकायदा ठरवली व हे सारे फिर्यादी कृष्णवर्णीय आहेत, ही गोष्टही निकालपत्रात नमूद केली. त्याच वर्षी मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख क्यूबन आल्यामुळे दोन्ही देशांच्या लोकांस तात्पुरता समान दर्जा देणे सरकारला भाग पडले.

ही समता टिकली नाही. १९८१ पासून हैतीच्या नावा भरसमुद्रात अडवल्या जाऊ लागल्या, आणि मे १९९२ च्या हुकमाने तर चौकशीवाचूनच माणसे परत धाडली जाऊ लागली. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी हा हुकूम उचलून धरला. न्यायमूर्ती ब्लॅकमन तेवढे विरोधात उभे राहिले. पुढील वर्षी अमेरिकन कार्यकर्ते रँडल रॉबिन्सन यांनी या परतवणीविरुद्ध केलेल्या सत्तावीस दिवसांच्या उपोषणाच्या सुमारास क्लिंटन सरकारने हे धोरण बदलले.

१९९७ च्या कायद्याने निकाराग्वा व क्यूबाच्या लोकांस कायम रहिवासाची वाट मोकळी केली, पण हैतीचे लोक त्यातून वगळले गेले. त्यांच्यासाठी वेगळा कायदा १९९८ मध्ये करावा लागला.