गुलामगिरी संपल्याचा दिवस

१९ जून १८६५ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे जनरल ग्रेंजर यांनी गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम जाहीर केला. लिंकन यांच्या मुक्तिघोषणेला तेव्हा जवळजवळ अडीच वर्षे झाली होती. उशिरा पोहोचलेल्या या वार्तेचा दिवस तेथील कृष्णवर्णीयांनी प्रार्थना, गाणी आणि सहभोजने यांनी पिढ्यान् पिढ्या जपला. ‘जूनटीन्थ’ या नावाने ओळखला जाणारा हा दिवस २०२१ साली राष्ट्रीय सुटीचा ठरला.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. ही अर्पणपत्रिका वर्गात शिकवताना आमच्यापुढे नेहमी एक प्रश्न उभा राहतो : आपल्याकडे असा दिवस कोणता?

कायद्याच्या तारखा आपल्याकडेही आहेत. १८४३ च्या कायद्याने हिंदुस्थानात गुलामीची कायदेशीर मान्यता संपली. तरीही त्यानंतर शंभर वर्षांनी ठाणे जिल्ह्यात लग्नगडी होतेच. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने त्याच्याच घरी राबायचे, अशी ती पद्धत. कर्ज फिटत नसे. जन्म मात्र सरून जाई.

जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून काही वारली तिला आले होते. मे महिन्यात झरी गावी हजारो आदिवासी जमले आणि वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, असा त्यांनी निश्चय केला. मग गावोगाव फिरून त्यांनीच लग्नगड्यांना सोडवले. ग्रेंजर यांच्यासारखा हुकूम वाचायला येथे कोणी सरकारी अधिकारी आला नव्हता. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर मात्र पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मरण पावले. तेव्हापासून १० ऑक्टोबर हा त्या भागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. वेठबिगारी रद्द करणारा कायदा संसदेने केला तो १९७६ साली.

म्हणजे लोकांनी लक्षात ठेवली ती कायद्याची तारीख नव्हे, आपल्या माणसांच्या बलिदानाची. जूनटीन्थमध्ये जो उत्सवाचा आनंद आहे तो या दिवसाला नाही. पण मुक्ती कोणी बहाल केली नाही, ती स्वतः घेतली, ही जाणीव त्यात आहे. गोदावरी परुळेकरांनी या लढ्याच्या कथनाला ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे नाव दिले, त्याचा अर्थ येथे उलगडतो.

टिटवाळा आमच्या विद्यार्थ्यांना गणपतीमुळे ठाऊक आहे. हा दुसरा इतिहासही त्याच स्थानकाचा आहे. म्हणून ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आणि गोदावरीबाईंचे पुस्तक आम्ही आता एकापाठोपाठ वाचायला सांगतो. फुल्यांनी अमेरिकेकडे पाहून जी आशा धरली होती, तिचा एक धागा आपल्याच लोकलच्या मार्गावर सापडतो.