उजेडाचे ओझे : मशालजीपासून गाडीतल्या इन्व्हर्टरपर्यंत

१/ हिवाळ्यात अमरावती-अकोल्याची तरुण मंडळी चिखलदऱ्याला मुक्कामाला जातात. गाडीच्या बॅटरीला छोटा इन्व्हर्टर जोडतात. तंबूत दिवा लागतो, मोबाइल, कॅमेरा, लॅपटॉप चार्ज होतात. हा उजेड कुणालाही हातात धरून उभे राहावे लागत नाही. वऱ्हाडाच्या इतिहासात ही गोष्ट अगदी अलीकडची आहे. आजचा थ्रेड त्यावर.

२/ २९ नोव्हेंबर १८०३. अकोला जिल्ह्यातील अडगाव. वेलस्लीच्या फौजेची शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी लढाई सुरू झाली तीच दिवस कलल्यावर. निकाल लागेपर्यंत सूर्य मावळत आला होता. पुढचा पाठलाग घोडदळाने चांदण्यात केला. दिवस आणखी तासभर असता तर शत्रूचे नुकसान अधिक झाले असते, असे वेलस्लीचे मत होते. तोफा, घोडे, रसद सारे होते. उजेड मात्र निसर्गाच्या हाती होता.

३/ छावणीतला रात्रीचा उजेड म्हणजे मशाल. काठीला चिंध्यांची घट्ट गुंडाळी, दुसऱ्या हातात तेलाचे भांडे, आणि चालता चालता थोडे थोडे तेल ओतत राहणारा माणूस : मशालजी. गावगाड्यात मशाल धरणे हे न्हाव्याच्या कामांपैकी एक मानले जाई. पालखी पुढे निघे, लग्नाची वरात पुढे निघे. तिच्याही पुढे मशाल घेतलेला माणूस असे.

४/ हाच शब्द इंग्रजांच्या तोंडी ‘मसालची’ झाला. पुढे दिवे बदलले आणि साहेबाच्या घरी ‘मसालची’ म्हणजे भांडी घासणारा नोकर असा अर्थ रूढ झाला. तंत्र बदलले, काम गेले. माणूस मात्र त्याच घरात आणखी खालच्या पायरीवर राहिला. शब्दकोशातही सामाजिक इतिहास असा दडलेला असतो.

५/ १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने जाळीदार मँटलचा शोध लावला. १९१० च्या सुमारास बर्लिनमध्ये माक्स ग्रेट्झच्या कारखान्यात रॉकेलवर चालणारा ‘पेट्रोमॅक्स’ दिवा तयार झाला. आपल्याकडची गॅसबत्ती ती हीच. कीर्तन, तमाशा, वरात, सगळीकडे ती पोहोचली. उजेड वाढला, धूर घटला. पण वरातीत ती बत्ती पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावरच चढली.

६/ आता गाडीकडे वळू. शिसे-आम्लाची बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली. मोटारीत तिला पक्के स्थान मिळाले ते स्टार्टरमुळे : १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याचे कष्ट संपू लागले. म्हणजे आपण ज्या बॅटरीवर तंबू उजळतो, ती मुळात इंजिन सुरू करण्यासाठी आहे.

७/ बॅटरी देते १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह; घरची उपकरणे मागतात २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती. हे रूपांतर करतो इन्व्हर्टर. १९३० च्या दशकातील मोटार-रेडिओत थरथरणारी धातूची पट्टी सेकंदाला कित्येकदा प्रवाह जोडी-तोडी आणि त्यातून ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवी. पुढे १९५७ मध्ये थायरिस्टर आला, मग शक्तिशाली ट्रान्झिस्टर आले. पट्टीची जागा सिलिकॉनने घेतली आणि यंत्र हातात मावू लागले.

८/ वऱ्हाडात ‘इन्व्हर्टर’ हा शब्द घराघरांत पोहोचवला भारनियमनाने. २००५ नंतरच्या काही वर्षांत खेड्यांत रोज कित्येक तास वीज नसे. अकोला जिल्ह्यातच पारसचे औष्णिक वीज केंद्र आहे. तरी आसपासच्या गावांतली मुले कंदिलाखाली अभ्यास करीत. वीज कुठे तयार होते आणि कुणाला मिळते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

९/ थोडा हिशेब. १२ व्होल्ट, ४५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ५४० वॉट-तास. सकाळी गाडी सुरू व्हायची असेल तर निम्म्याहून अधिक वापरू नये. रूपांतरातली घट वजा जाता हाती उरतात सुमारे २३०. त्यात १० वॉटचा दिवा, चार मोबाइल, तासभर लॅपटॉप सहज भागते. १००० वॉटची किटली मात्र ८० अँपिअरहून अधिक ओढते. लाइटरच्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते २० अँपिअरचाच असतो. चहा चुलीवरच बरा!

१०/ मग मशालजी इतिहासजमा झाला का? पुढच्या वरातीत नीट पाहा. मागे गाडीवर जनरेटर असतो, त्यातून वायर निघते आणि झगमगणारी झुंबरे कित्येकदा अजूनही बायांच्या डोक्यावर असतात. वीज आली, गाडी आली. पण जिथे माणूस यंत्राहून स्वस्त, तिथे ओझे डोक्यावरून उतरत नाही. तंत्रज्ञान सुटकेची शक्यता देते. सुटका समाजाला करावी लागते.

११/ मित्रहो, गडकोटांच्या तारखा बखरींत आणि दप्तरांत सापडतील. गावात गॅसबत्ती कोण धरत असे, मजुरी काय मिळे, जेवायला कोणत्या पंगतीत बसवत, हे मात्र आजी-आजोबांनाच ठाऊक आहे. या दिवाळीत विचारा, गावाच्या नावासह लिहून ठेवा. उजेडात दिसलेल्यांचा इतिहास पुष्कळ लिहून झाला आहे; उजेड धरणाऱ्यांचा अजून बाकी आहे.