लाटेची साक्ष

इतिहासाच्या अभ्यासकास साक्षीदारांची पारख करावी लागते. एखादी बखर हातीं आली कीं तिचा लेखक कोण, तो कोणाच्या पदरीं होता, घटनेनंतर किती वर्षांनीं लिहीत आहे, हे प्रश्न आपण आधीं विचारतों. छायाचित्र पुढें आलें म्हणजे मात्र ही सावधगिरी गळून पडते; यंत्राला पक्षपात ठाऊक नाहीं, अशी आपली समजूत असते. ती समजूत पारखून घेण्यास खवळलेल्या समुद्राच्या पहिल्या छायाचित्रांचा इतिहास फार उपयोगी आहे.

१८३९ सालीं दाग्येरची कृति पॅरिस येथें जाहीर झाली, तेव्हां एका चित्रास कित्येक मिनिटें लागत. इमारती, पुतळे, डोंगर असले स्थिर विषय तिला मानवले. लाटेच्या जागीं मात्र नुसतें धुकें उमटे. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें कोलोडियनची कृति प्रसिद्ध केली आणि हा अडसर पुष्कळसा दूर झाला. पण ही कृतिही कमालीची तापदायक होती. काचेवर कोलोडियनचा चिकट द्रव पसरावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, आणि ओली आहे तोंच चित्र घेऊन लागलीच धुवावयाची. म्हणजे किनाऱ्यावरील खडकांत अंधारा तंबू आणि रसायनांच्या बाटल्या वाहून न्याव्या लागत. असे कष्ट सोसून वेल्समधील जॉन डिल्विन लेवेलिन यानें स्वान्सीजवळच्या कॅसवेल उपसागरांत फुटणाऱ्या लाटा टिपल्या. गति दाखविणाऱ्या त्याच्या चित्रांना १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनांत रौप्यपदक मिळालें.

या कामांत सर्वांत मोठें नांव झालें तें गुस्ताव्ह ल ग्रे याचें. हा मूळचा चित्रकार, पॉल देलारोशचा शिष्य. १८५६-५७ च्या सुमारास त्यानें नॉर्मंडीच्या व भूमध्यसमुद्राच्या किनाऱ्यावर सागरचित्रें घेतलीं. १८५७ सालीं सेत बंदराजवळ घेतलेलें ‘मोठी लाट’ हें त्यांतील विशेष प्रसिद्ध होय. किनाऱ्याच्या दगडांकडे झेपावणारी लाट त्यांत थांबली आहे, आणि वर मेघांनीं भरलेलें आकाश आहे. पाहणारे चकित झाले, कारण असें आकाश तोंवर छायाचित्रांत क्वचितच दिसे. त्या काळच्या काचांना निळा प्रकाश चटकन् जाणवे, हिरवा व तांबडा जवळजवळ जाणवतच नसे. समुद्र नीट उमटेपर्यंत काच उघडी ठेवावी, तर आकाश पांढरेंफटक पडे.

ल ग्रे यानें यावर तोड काढली. समुद्रासाठीं एक काच आणि आकाशासाठीं दुसरी, अशा दोन काचा घेऊन तो त्या एकाच कागदावर क्षितिजरेषेशीं जुळवून छापी. या दोन काचा नेहमीं एकाच वेळच्या किंवा एकाच स्थळच्या असत असें नाहीं. तेच मेघ त्याच्या निरनिराळ्या समुद्रांवर दिसतात, हें चित्रें शेजारीं ठेवून पाहिल्यास कळतें.

मग हें चित्र खोटें म्हणावयाचें काय? मला तसें वाटत नाहीं. लाट खरी आहे. एका क्षणीं ती तशीच उठली होती. मेघही खरे आहेत. त्या मेघांखालीं ती लाट उठली होती, एवढेंच या चित्रावरून सिद्ध होत नाहीं. लाटेच्या आकाराविषयीं विचारणाऱ्यास हा साक्षीदार विश्वासार्ह आहे. त्या दिवसाच्या हवामानाविषयीं विचारणाऱ्यास नाहीं.

आज संगणकाच्या साहाय्यानें वाटेल तें चित्र रचतां येतें, म्हणून छायाचित्रावरील विश्वास आतांच उडाला, अशी हळहळ ऐकूं येते. ती अगदींच निराधार नाहीं; लबाडी पूर्वीपेक्षां पुष्कळ सोपी झाली आहे. परंतु जोडकाम नवें नाहीं, हें सेतची लाट सांगते. कागदपत्रांच्या बाबतींत जी उलटतपासणी आपण अंगवळणीं पाडली, तीच आतां आपल्या घरीं येणाऱ्या प्रत्येक चित्राची करावयास हवी: हें कोणीं घेतलें, कशासाठीं घेतलें, आणि याचे किती तुकडे एका वेळचे आहेत?